रुपी कधी गेली

शुक्रवार, २७ फेब्रुवारी २००४
जव्हार

ठाण्याहून एसटीनं आले. विक्रमगड सोडल्यावर चढात दोन मुली ओकल्या, त्यातली एक माझ्या पिशवीला चिकटून. बासष्टाव्या वर्षी हे उपद्व्याप कशाला, असं बहिणीनं विचारलं होतं. दुसरं कोणी करणार नाही म्हणून.

संस्थेला पन्नास वर्षं होताहेत. वीस मार्चला समारंभ, त्यात निवृत्त शास्त्रज्ञांच्या आठवणींचं पुस्तक, आणि संपादक मी. सगळ्यांनी आपापलं लिहून पाठवलं, स्वतःला माप भरभरून घातलं. राहिले डॉ. मधु कडव, म्हणजे आमचे सर. त्यांना मधुमेहामुळे दिसेनासं झालंय, तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन मीच जावं असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

पिशवीत टेपरेकॉर्डर, कॅसेटी आणि एक बातमी आहे. ही डायरी पुढेमागे माझ्या भाचीच्या हाती पडेल आणि ती बँकेत आहे, म्हणून तिला कळेल असं लिहिते. माणसाच्या अंगातून काढलेल्या पेशी बाटलीत खाऊपिऊ घालून वाढवायच्या, दाटी झाली की थोड्या पुढच्या बाटलीत घालायच्या. साधल्या तर माणूस मेलं तरी त्या वाढत राहतात. याला सेल लाइन म्हणतात. सरांची सेल लाइन जगभर गेली. तिचं नाव रुपी-१. रुपी ही इथल्याच साखरशेतची बाई, त्र्याहत्तर साली गालाच्या कर्करोगानं मुंबईच्या इस्पितळात वारली. तिच्या गाठीच्या तुकड्यावर सरांची पदकं, परदेशवाऱ्या, संचालकपद आणि माझी सगळी नोकरी उभी राहिली.

आता डीएनएची नवी चाचणी निघाली आहे. ती मी करून घेतली. बाटल्यांत रुपीचा कणसुद्धा नाही. सगळी हेला आहे. हेला म्हणजे अमेरिकेतल्या एका बाईच्या कर्करोगाच्या पेशी. त्या पन्नास वर्षं जगभरच्या लॅबमध्ये वाढताहेत आणि इतक्या दांडग्या आहेत की एक थेंब दुसऱ्या बाटलीत पडला तर काही आठवड्यांत मूळच्या पेशी संपतात. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. सरांना तीस वर्षं लागला नाही.

निघण्यापूर्वी संस्थेच्या पेशीसाठा कमिटीची अध्यक्ष म्हणून मी सही करून आले: रुपी-१ चा गोठवलेला सगळा साठा मंगळवारी, नऊ तारखेला, द्रव नायट्रोजनच्या टाकीतून काढून नष्ट करायचा. भावेश करेल, तो आता तिथलं सगळं बघतो. तोवर सरांना सांगायचं. कसं आणि कधी, ते मी ठरवणार.

शनिवार, २८ फेब्रुवारी

सरांचं घर राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, वडिलांनी बांधलेलं. वडील इथे शाळामास्तर होते. घरात सर आणि त्यांचं सगळं बघणारी तुळशी. ही तुळशी म्हणजे रुपीची मुलगी. आई गेली तेव्हा अंगावर पीत होती. नवऱ्यानं टाकल्यावर सरांनी ठेवून घेतली. चहात साखर फार घालते.

सर थकलेत. मी समोर बसले तर थोडं उजवीकडे बघून बोलतात, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरशी. पण बोलतात छान, हे मान्य करायला हवं. पहिली कॅसेट पूर्ण झाली. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नव्हता, तेव्हा काचेच्या बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं, ती विझली की आतली हवा पेशींना हवी तशी झाली असं समजायचं. पेशींच्या खाद्यात लागतं त्या सीरमसाठी बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर थर्मास घेऊन बसायचं, नाळेतलं रक्त मिळवायला. "पहिलं दीड वर्ष रुपी जेमतेम जगत होती," सर म्हणाले. "बाटलीच्या तळाला चार-दोन बेटं. मी रोज सकाळी बघायचो, आहे का. असायची."

तुळशी दाराशी उभी राहून ऐकत होती. हे तिनं शंभरदा ऐकलं असणार. मग मला म्हणाली, "बाई, वीस तारखेला मना दुर्बिणीतून दावणार ना आय? डॉक्टर बोललं हायत. बास पन येनार हाय."

सरांनी खरोखर हे ठरवलं आहे. समारंभाला तुळशी आणि तिचा बाप लाडक्या येणार, मायक्रोस्कोपखाली रुपीला बघणार. रुपीचा एकही फोटो नाही.

"आय वळखील का मना?" तुळशीनं विचारलं.

"पेशींना डोळे नसतात," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

सोमवार, १ मार्च

सरांनी आग्रह केला म्हणून तुळशीबरोबर जीपनं साखरशेतला जाऊन आले. पुस्तकाला फोटो हवाच होता. जीपमध्ये माणसं आत कमी आणि बाहेर जास्त. रस्त्याकडेची शेतं कापून महिने झाले, नुसती ढेकळं.

लाडक्या सत्तरीचा असेल, काटक. घराच्या मागच्या बाजूला त्यांचे वीर आहेत, म्हणजे मेलेल्या माणसांच्या नावानं बसवलेले दगड, शेंदूर लावलेले. बाप, आई, दोन भाऊ. मी विचारलं, रुपीचा कुठला? तुळशी माझ्याकडे बघतच राहिली.

"तिचा कसा आसल?" लाडक्या म्हणाला. "ती हाय ना."

मग उलगडा झाला. माणूस मेलं की भगताला बोलावून दिवस घालतात, गाणं होतं, जेवण होतं, मग ते माणूस पूर्वजांत जातं आणि त्याचा वीर बसतो. रुपी वारली तेव्हा सर स्वतः इथे आले होते. तिचा जीव असलेला कण मुंबईला बाटलीत वाढतो आहे, असं त्यांनी लाडक्याला सांगितलं. भगतानं विचार केला आणि म्हणाला, जिचं थोडंसुद्धा जितं आहे तिचा दिवस घालता येत नाही. त्यामुळे रुपी मेलेल्यांत नाही. लाडक्यानं दुसरी बायको केली नाही. एक बायको असताना कशाला, असं तो मला अगदी साधेपणानं म्हणाला. दरवर्षी नवं भात आलं की तिच्या वाट्याचं मूठभर सरांबरोबर मुंबईला जायचं. ते मला ठाऊक आहे! इन्क्युबेटरच्या डोक्यावर कागदाची पुडी असायची, मी ती बघून चिडायचे. निर्जंतुक खोलीत तांदूळ. सर मला म्हणायचे, राहू दे गं.

एक शिकलेला माणूस तीस वर्षं असला खेळ खेळतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही.

लाडक्यानं समारंभासाठी धोतर काढून ठेवलंय, ते आणून दाखवलं. मी फोटो काढले.

गुरुवार, ४ मार्च

आज सरांनी उलटंच केलं. "रोज माझंच काय, तुझं सांग," म्हणाले आणि टेप माझ्याकडे वळवली. मी आढेवेढे घेतले, मग बोलले. बोलता बोलता दुपार गेली.

खरं तर रुपी-१ माझी आहे. मी लॅबमध्ये आले तेव्हा ती मरायला टेकली होती. मी दिल्लीला प्रशिक्षणाला गेले आणि येताना हेला घेऊन आले, जून पंचाहत्तर. आमच्या लॅबमधली पहिली हेला! आगगाडीत थर्मास मांडीवर धरून बसले होते, रात्रभर पाय हलवला नाही. तेव्हा हूड, म्हणजे ज्यात हात घालून पेशी हाताळायच्या ते कपाट, एकच होतं. सकाळी हेला हाताळायची, मग त्याच ठिकाणी रुपी. मीडियमची, म्हणजे पेशींच्या खाद्याची, बाटलीसुद्धा दोघींना एकच, सीरम इतकं दुर्मिळ की दोन वेगळ्या बाटल्या ही चैन होती. बाटलीचं तोंड ज्योतीवर धरायचे, पिपेट बदलायचे, बहुतेक वेळा. आणि बघता बघता ऑगस्टपर्यंत रुपी अशी काही वाढायला लागली की यंव! आठवड्याला दुप्पट होत नव्हती ती रोज व्हायला लागली. सगळी संस्था बघायला आली. हर्षदाच्या हाताला यश आहे, असं स्वतः सर सगळ्यांसमोर म्हणाले.

आणि मग लेख निघाला. पहिलं नाव डॉ. मधु कडव. माझं नाव शेवटी, आभारांत, काच धुणाऱ्या कमूबाईंच्या पंगतीला. मी तेव्हा काही बोलले नाही. तेहतीस वर्षांची होते, लग्न मोडलेलं, नोकरी कच्ची. सरांनी नंतर दोन लेखांत माझं नाव घातलं. भिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी वाढतात तसं.

हे शेवटचं मी टेप बंद करून लिहिते आहे. टेपवर सगळं गोड आहे.

शनिवार, ६ मार्च

होळी. सकाळपासून पोरं दोर आडवा धरून गाड्या अडवताहेत, पैसे घेतल्याशिवाय सोडत नाहीत. तुळशी तिकडे गेली नाही, वीस तारखेच्या साडीला फॉल लावत बसली. हिरवी साडी. मला विचारलं, मुंबईच्या त्या खोलीत चपला काढायच्या का. मी म्हटलं, काढायच्या.

उद्या सांगून टाकते. गाठ पोटात ठेवून मलाच जेवण जात नाही.

रविवार, ७ मार्च

सांगितलं.

सकाळी नऊच्या चहानंतर. मी मुद्दाम टेप लावून ठेवली होती, मग मनात आलं की नको, बंद केली. निकाल वाचून दाखवला, एकेक आकडा. सर कॅलेंडरकडे बघत होते. मला वाटलं होतं चिडतील, चाचणीत खोट काढतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही.

मग म्हणाले, "हेला आपल्याकडे कधी आली गं?"

"जून पंचाहत्तर. मीच आणली. परवा तर सांगितलं."

"आणि रुपी जोरात वाढायला लागली ती?"

"ऑगस्टमध्ये."

त्यांनी मान हलवली आणि तुळशीकडे पाणी मागितलं. दोन्ही तारखा मला पाठ आहेत याचं त्यांना नवल वाटलं असावं. त्यांची स्वतःची स्मृती आता अशीच, परवाचं आज विचारतात.

मी म्हटलं, "सर, निष्काळजीपणा झाला. संचालक म्हणून जबाबदारी तुमची होती. आणि त्या तांदळाच्या पुड्या. मी तेव्हाच सांगत होते."

"तांदळातून हेला येत नाही, हर्षदा."

एवढंच. आवाज चढवला नाही. माझा चढला. मी म्हटलं, पुस्तकात हे जाईल, तुमच्याच आठवणींच्या शेवटी, संपादकाची टीप म्हणून. ते म्हणाले, जाऊ दे. मला इतका संताप आला! तीस वर्षं वाट बघून आलेल्या माणसाला कोणी असं जाऊ दे म्हणतं का?

तुळशी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी. तिला अर्धवट कळलं होतं. "बाई, आय नाय त्याच्यात?"

सर काही बोलायच्या आत मीच तिला समजावून सांगितलं, सोप्या शब्दांत. शेतात दुसरंच जोमाचं गवत शिरलं तर नागली मरते, तसं. तुझी आई केव्हाच संपली. बाटलीत आहे ती परदेशातली बाई.

"ती कोनाची आय?" असलं काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "मंग आमचा भात ती खात व्हती?"

ती मागच्या दारी जाऊन बसली. दुपारी स्वयंपाक केला, पण ती स्वतः जेवली नाही. मी मात्र आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवार, ८ मार्च

सकाळी सरांनी मला हाक मारली. रात्रभर झोपले नसावेत, पण चेहरा उजळलेला.

"एक आहे," म्हणाले. "मी रुपीच्या अगदी सुरुवातीच्या पेशी गोठवल्या होत्या. दुसऱ्या पिढीच्या. त्र्याहत्तरचा डिसेंबर. काचेची अँप्यूल, मीच ज्योतीवर सील केली. हेला यायच्या दीड वर्ष आधी! टाकीच्या अगदी तळाशी असेल. पेन्सिलीनं मराठीत लिहिलंय. वरच्या वाढत होत्या म्हणून मी ती कधी काढलीच नाही."

मी म्हटलं, तीस वर्षांनी त्या काय जगणार.

"जगतील, न जगतील. नायट्रोजनमध्ये काळ थांबतो, हे तूच मुलांना शिकवायचीस. भावेशला फोन कर. उद्या टाकी रिकामी करणार ना? तेवढी एक बाजूला ठेव म्हणावं. मला आकडे दिसत नाहीत, तू लाव."

तुळशीला हे सांगायची काही गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं. ती धावत आली आणि तिनं चक्क माझे दोन्ही हात धरले. ओले होते, भांडी घासत होती. "बाई, लावा ना फोन. आय हाय म्हनतात. येक हाय म्हनतात." तशीच निरोप घेऊन बाजारात गेली, साखरशेतच्या जीपवाल्याकडे, बापाला कळवायला.

फोन ओसरीवर आहे. मी जाऊन बसले. रिसीव्हर उचलला. डायल टोन व्यवस्थित होता.

विचार केला. कमिटीचा निर्णय झाला आहे. सही माझी आहे. प्रत्येक म्हाताऱ्याला शेवटच्या क्षणी काही ना काही आठवणार, म्हणून टाक्या तशाच ठेवायच्या? आणि समजा ती अँप्यूल निघाली, त्यात खरोखर रुपी निघाली, तर काय होईल हे मला दिसतंच आहे. वीस तारखेला टाळ्या. डॉ. कडवांची दूरदृष्टी. पुन्हा पहिलं नाव त्यांचं. आणि मग कोणीतरी दीडशहाणा विचारणार की त्र्याहत्तरला चांगली होती ती पंचाहत्तरला कशानं बिघडली, तेव्हा लॅबमध्ये कोण कोण होतं. लोकांना नसत्या चौकशा हव्याच असतात.

रिसीव्हर खाली ठेवला.

सरांना सांगितलं, लाइन लागत नाही. नाहीतरी इथली लाइन दिवसाआड मरतेच. संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गेले, थोडा वेळ बसले, परत आले. "सकाळी लावते," म्हटलं. तुळशी दोन्ही वेळा दाराशी होती. ओसरीवर आली नाही, मला अडचण नको म्हणून.

बुधवार, १० मार्च

भावेशचा फोन. दुपारी बाराला, आणि उचलला नेमका सरांनी. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ते रिसीव्हर कानाला लावून ऐकत होते. मग माझ्या दिशेला धरला. घाईघाईनं हातात घेतला.

भावेश चांगला मुलगा आहे, पण वेळकाढू बोलतो. काल सकाळी नऊ ते अकरा टाकी रिकामी केली, सगळं काम झालं, हे सांगायला फोन. आणि सहज म्हणून पुढे: "मॅडम, तळाशी एक जुनी काचेची अँप्यूल निघाली. पेन्सिलीनं मराठीत 'रुपी, दुसरी पिढी' लिहिलेलं. मी जरा थांबलो. तुम्हाला विचारावं असं वाटलं, पण सगळा साठा असं तुम्ही स्वच्छ लिहिलं होतं. बाहेर काढून ठेवली आणि खोलीच्या उष्णतेत ती फुटली. फट्कन. माझ्या चष्म्याला काच लागली." मग फडक्यानं पुसून, फडकं ऑटोक्लेव्हच्या वाफेत. नियमाप्रमाणे. मी त्याला शाबास म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यानं नियम पाळला.

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "भावेश सांगत होता, सोमवारी तो सात वाजेपर्यंत फोनशेजारी होता. मंगळवारी आठापासून."

"काल सकाळीही लागली नाही. इकडची लाइन, सर."

"हो," ते म्हणाले. "इकडची लाइन."

मग त्यांनी तुळशीला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मी ओसरीवर. आतून तुळशीचं रडणं ऐकू आलं. मी कानात बोटं घातली नाहीत एवढंच. परक्याच्या घरी असं काही चाललं की आपण कुठे बसावं हेच कळत नाही. शेवटी भाजी आणायला म्हणून गांधी चौकापर्यंत जाऊन आले. आणलेली भाजी कोणी केली नाही. रात्री चहा-बिस्किटावर भागवलं.

सरांच्या आठवणींच्या चार कॅसेटी झाल्या आहेत. तेवढ्यात पुस्तकाचं काम होईल. शनिवारी निघते.

गुरुवार, ११ मार्च

सकाळी लाडक्या आला. सोमवारचा निरोप त्याला काल मिळाला होता, जीपवाल्यानं होळीची दारू उतरल्यावर सांगितला. निरोप होता की आय हाय. तो तेच धोतर नेसून आला होता. वीस तारीख अजून लांब आहे हे त्याला कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही तो थांबला नसावा.

तुळशीनं त्याला अंगणातच गाठून सांगितलं. तो ऐकून घेत होता, खाली बघत. मग ओट्याच्या पायरीवर बसला आणि सरांना म्हणाला, "भाऊ, खरा सांग. ती हाय का नाय?"

"नाही, लाडक्या."

"मंग मेली कवा? भगताला दीस सांगाय लागल."

मी तिथेच होते, आणि हे मला ठाऊक आहे, म्हणून मी सांगायला लागले. त्र्याहत्तर साली इस्पितळात, किंवा पेशींचं म्हणाल तर पंचाहत्तरच्या जून-ऑगस्टमध्ये केव्हातरी, नक्की दिवस शास्त्राला सांगता येत नाही...

"मंगळवारी," सर म्हणाले. "परवा मंगळवारी. सकाळी."

ते बोलताना कॅलेंडरकडे नाही, बरोबर माझ्याकडे बघत होते. कसं जमलं कोण जाणे.

मी म्हटलं, सर, हे बरोबर नाही, असं काहीही सांगू नका त्यांना. कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. लाडक्यानं डोक्याचं फडकं सोडलं, तोंडावर धरलं आणि रडायला लागला. बायको परवा गेलेला माणूस रडेल तसा. तीस वर्षांनी! मला ते बघवेना. मी त्याला म्हणणार होते, आता तरी वीर बसवता येईल, सुटलास. म्हटलं नाही. भीती वाटली, खरं सांगायचं तर. कशाची, ते सांगता येणार नाही.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, अंदाजानं, तो मानेवर पडला होता. लाडक्यानं विचारलं, "तिला तरास झाला का?" सर म्हणाले, "नाही. झोपेतच होती." "जवळ कोन व्हता?" "एक मुलगा होता. चांगला मुलगा."

दुपारी बापलेक गावाला निघाले. आता तुळशी दिवस होईपर्यंत तिकडेच राहील, म्हणजे सरांचं जेवणखाण शेजारच्या गोजाबाई बघणार. निघताना तुळशी माझ्या खोलीत आली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. हिरवी साडी तिनं घडी करून पिशवीत भरली होती. डोळे सुजले होते.

"बाई," ती म्हणाली, "मंगळवारी सकाळच्याला तुमी हितंच व्हत्यात ना? म्या तवापास्नं आठवते हाय, आय गेली तवा आपुन काय करत व्हतो."

मी म्हटलं, काय माहीत. मी त्या दिवशी डायरीसुद्धा लिहिलेली नाही, लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं.

"मना आठवला," ती म्हणाली. "म्या तुमच्या डोक्याला तेल लावत व्हते. तुमी डोळं मिटलं व्हतं नि म्हनलात, बरं वाटतंय गं, आनि थोडा वेळ लाव."

ते खरं आहे. ती बराच वेळ चोळत बसली होती. तेल जरा जास्तच घातलं तिनं, उशीच्या अभ्र्याला डाग पडलेत ते अजून गेले नाहीत.